हिरव्याचे दोन साक्षीदार

४ मार्च, सोमवार. सकाळ.
संकल्प पहिला: आजपासून रागवायचं नाही.
संकल्प दुसरा: 'हिरवा' या शब्दावरचं पुस्तक महिनाअखेर पुरं करायचं. रोज दोन पानं. पेपरात इतकी वर्षं भाषेचं सदर चालवणाऱ्याला दोन पानं म्हणजे हातचा मळ.
पहिलं वाक्य झालं: 'हिरवा हा रंग नव्हे, ते एक घराणं आहे.' स्वतःवरच खूश झालो.

त्याच दिवशी, दुपार.
रागावलो. पण माझा दोष नाही. बायकोने टोमॅटो आणायला सांगितले होते. एकेक हातात घेऊन, उजेडात धरून, लालबुंद बघून आणले. तिने पिशवी ओट्यावर ओतली आणि म्हणाली की अहो, हे चेंडू आहेत, टोमॅटो नव्हेत. सगळे हिरवेगार. म्हणजे मी स्वतः निवडलेला माल पिशवीत जाईपर्यंत भाजीवाल्याने बदलला. हातचलाखी. बाजारातल्या चौथ्या भाजीवाल्याशी माझं बोलणं बंद झालं. आता एकच उरलाय.

६ मार्च.
पुस्तक जोरात. संस्कृतात हरि, हरित. अर्थ पिवळा, पिंगट, हिरवा. एकाच पगारात तीन कामं. हळदीचं हरिद्रा त्याच मुळाचं. सोन्याचं हिरण्यही त्याच कुळातलं. इंद्राचे घोडे हरि, पण हिरवा घोडा कुणी मनातही आणत नाही. दूरच्या चुलत घरांत पाहावं तर फारसीचा पिवळा जर्द आणि इंग्रजीचे यलो, गोल्ड ही याच वंशाची मंडळी. ग्रीकांचा ख्लोरोस तर कोवळ्या पालवीलाही चालतो, मधालाही आणि घाबरलेल्या माणसाच्या चेहऱ्यालाही. सख्खी चुलत भावंडं, पण रंगावर कुणाचं एकमत नाही.
निष्कर्ष: रंग डोळ्यात नसतो, तोंडात असतो. खाली दोनदा रेघ ओढली. हे पुस्तकाचं ब्रीदवाक्य.
पानं: अर्धं. उरलेला वेळ मोबाइलच्या चार्जरने खाल्ला. दुकानदार म्हणतो, चार्ज होताना दिवा लाल, झाला की हिरवा. माझ्याकडे दिवा आहे तसाच राहतो. हा तिसरा चार्जर. परत नेला तर दुकानदाराने लावून दाखवला आणि म्हणाला, बघा साहेब, बदलला की नाही. मी म्हणालो की नाही. त्याने शेजारच्या गिऱ्हाइकाला विचारलं. ते म्हणालं की बदलला. दोघे एकमेकांना सामील. खरमरीत बोललो आणि बाहेर पडलो.

९ मार्च, शनिवार.
धाकट्या बहिणीचा फोन. रडत होती. कप्तान मेडिकलमध्ये नापास.
कप्तान म्हणजे तिचा मुलगा, माझा एकुलता एक भाचा. लहानपणी बादलीत कागदाच्या होड्या सोडायचा, त्यामुळे हे नाव मीच ठेवलं. मेहुणे गेल्यापासून ही दोघं मागच्याच गल्लीत राहतात आणि मोठे निर्णय माझ्याकडे येतात. जहाजावरचा अधिकारी होण्याच्या कॉलेजात त्याचा नंबर लागला, त्याचे पेढे मी वाटले. वर्गात पहिला आलेला मुलगा. राहिली होती फक्त डोळ्यांची तपासणी. त्यात म्हणे रंगीत ठिपक्यांनी भरलेली पानं दाखवतात. ठिपक्यांत आकडे दडवलेले असतात. ते याने चुकीचे वाचले. लाल-हिरवा ओळखता येत नाही असा शेरा.
बीजगणितात शंभरपैकी अठ्ठ्याण्णव मिळवणाऱ्या मुलाला आकडे वाचता येत नाहीत. कमाल आहे. डॉक्टरचा चष्मा तपासायला हवा.
महिन्याच्या शेवटी दुसरी संधी आहे. त्यातही नापास झाला तर प्रवेश रद्द. बहीण म्हणाली की दादा, तूच काहीतरी कर. दादा करणार.

१२ मार्च.
कप्तानाला बोलावून घेतलं. मान खाली घालून बसला होता. विचारलं की तुला नेमकं काय दिसलं. म्हणाला की मामा, एका पानावर मला एकवीस दिसले, डॉक्टर म्हणाली चूक. मी म्हणालो की तुला एकवीस दिसले तर तिथे एकवीसच असणार.
त्याला बळ यावं म्हणून पुस्तकातलं दुसरं प्रकरण ऐकवलं. जपानी माणूस सिग्नलच्या हिरव्या दिव्याला निळ्यासाठीचा शब्द वापरतो आणि तरी संध्याकाळी सुखरूप घरी पोचतो. वेल्श भाषेतला जुना ग्लास हा एकच शब्द निळा, हिरवा, राखाडी असे तिन्ही संसार सांभाळायचा. आपलाच नील घ्या. आभाळाला, मेघाला, मोराच्या मानेला, सगळ्यांना तोच. तेव्हा एका डॉक्टरच्या हिरव्याला इतकं भ्यायचं कारण नाही.
त्याने शांतपणे ऐकलं. मग म्हणाला की मामा, जहाजाच्या उजव्या अंगाला हिरवा दिवा असतो, डाव्या अंगाला लाल. अंधारात समोरचं जहाज येतंय की जातंय ते त्यावरूनच कळतं. मी म्हणालो की त्यात काय, जागा लक्षात ठेवायची. सिग्नलला नाही का आपण वरचा लागला की थांबतो, खालचा लागला की जातो. रंग तिथे शोभेला असतात.
तो बराच वेळ माझ्याकडे बघत राहिला. मग हळूच विचारलं की मामा, तू वर-खाली बघून जातोस? मी म्हणालो की सगळेच जातात. गुणी मुलगा आहे, पण मनातलं सांगत नाही.

१५ मार्च.
ऑफिसात संपादकाशी जुंपली. मंगळवारी त्याने माझा लेख तपासून परत दिला होता. समासात आणि ओळींच्या मध्ये थोड्या काळपट खुणा. म्हटलं शाईचा हात लागला असेल. मी मजकूर तसाच छपाईला दिला. आज तो म्हणतो की अहो शास्त्रीबुवा (मला हेच म्हणतो, प्रेमाने की कसं ते अजून ठरलेलं नाही), लाल शाईने सतरा दुरुस्त्या केल्या होत्या, एकही घेतली नाहीत. मी म्हणालो की लाल शाई कुठे होती तिथे. तो म्हणाला की तुम्ही वाद घालण्यात जेवढी शाई घालवता तेवढ्यात पेपर निघतो.
रागाचा संकल्प मोडला. सोमवारपासून नवा.
त्याला बजावलं की 'हिरवा'चं हस्तलिखित तुम्हाला दाखवणार नाही. म्हणाला की उपकार होतील.
पानं: शून्य.

१७ मार्च, रविवार.
बहिणीकडे गेलो. कप्तान आतल्या खोलीत फोन समोर धरून पुटपुटत होता. बारा, आठ, सहा, एकोणतीस, सत्तावन्न, पाच. पुन्हा बारा, आठ, सहा. आम्ही पाठशाळेत रूपं घोकायचो तस्सा. मला बघितल्यावर फोन पालथा घातला. लाजाळू. परीक्षा डोळ्यांची आहे तरी गणित सोडत नाही. पाठीवर थाप मारली. हल्ली घोकंपट्टीला नावं ठेवतात, पण पाठांतरासारखं दुसरं काही नाही, असंही सांगितलं. तो कसनुसं हसला.
बहीण मात्र सुकलीय. म्हणाली की हा सारखं समुद्र समुद्र करतो दादा, आणि आता समुद्राचं नाव काढलं की उठून जातो. मी म्हणालो की तपासणीला मी स्वतः बरोबर जाणार आहे. तिचा जीव भांड्यात पडला असावा. तोंडावर काही दिसलं नाही.

१९ मार्च.
त्या दिवसासाठी नवा शर्ट घेतला. गडद हिरवा, भारदस्त. बायको म्हणाली की तपकिरी छान दिसतो तुम्हाला. मी म्हणालो की हिरवा. तिने एकदा शर्टाकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि म्हणाली की बरं, हिरवा. जन्मभर असंच चाललंय. माझ्याशी वाद टाळायला म्हणून ही बिनबुडाच्या गोष्टी आधी म्हणते आणि मग सोडून देते. रंगांच्या बाबतीत तर तिला अजिबात गती नाही. पाचव्या प्रकरणात 'घरगुती अज्ञान' या मथळ्याखाली तिचं उदाहरण घेणार. नाव न देता.

२६ मार्च, मंगळवार. सकाळ.
आज तपासणी. मुद्दे काढले. हरित, हिरण्य, जर्द, ख्लोरोस, जपानी सिग्नल. डॉक्टर ऐकून थक्क होणार. शर्ट इस्त्री केलेला. राग नाही. डोकं थंड.

त्याच दिवशी, दुपार.
जिंकलो. म्हणजे जिंकल्यासारखंच आहे. सविस्तर लिहून ठेवतो, पुढे उपयोगी पडेल.
डॉक्टर मुलगी तरुण, चेहऱ्याने हसरी. खोलीत नातेवाइकांना परवानगी नव्हती. मी पेपरचं कार्ड दाखवलं. म्हणाली की बसा, पण मध्ये बोलायचं नाही. कप्तान म्हणाला की मामा, बाहेर थांब ना प्लीज. मी म्हणालो की मामाची कसली लाज. त्याच्या खुर्चीच्या मागेच बसलो.
पहिलं पान. बारा. तो म्हणाला बारा. बरोबर. दुसऱ्यावर स्वच्छ तीन, हा म्हणाला आठ. मला घाम फुटला. म्हटलं घाबरलाय पोर. तिसऱ्यावर पाच, हा म्हणाला सहा. चौथ्यावर सत्तर, हा म्हणाला एकोणतीस. एकापाठोपाठ एक घोटाळा, आणि तोही घडाघडा, न थांबता. आणि डॉक्टर प्रत्येक चुकीपुढे बरोबरची खूण करतेय. एवढी अडाणी डॉक्टर मी पाहिली नव्हती. पण शब्द दिला होता म्हणून ओठ घट्ट मिटून बसलो.
मग आलं ते पान. स्वच्छ एकवीस. याच पानाने मागच्या वेळी पोराचा घात केला होता. तेव्हा हा खरं बोलला होता. आज म्हणाला चौऱ्याहत्तर.
राहवलं नाही. मी मोठ्याने म्हणालो की अरे, चौऱ्याहत्तर कुठे दिसले तुला? एकवीस आहेत ते. नीट बघ. मागच्या वेळी बरोबर सांगितलं होतंस ना मला?
कप्तानाने डोळे मिटून घेतले. डॉक्टरने पेन खाली ठेवलं. अजिबात रागावली नाही. मला म्हणाली की काका, तुम्ही या इकडे पुढे, तुम्ही वाचून दाखवा. मी ऐटीत बसलो आणि ठिपक्यांचं अख्खं पुस्तक कुठेही न अडखळता वाचून दाखवलं. ती दर पानाला मान डोलवत होती. मग तिने छोटे दिवे लागणारी एक पेटी आणली. अंधार केला, दोघांनाही दिव्यांचे रंग विचारले. माझी उत्तरं आणि कप्तानाची उत्तरं तंतोतंत जुळली. दोन स्वतंत्र साक्षीदार. याहून पुरावा काय हवा.
मुद्दे मांडायला वेळच मिळाला नाही, पण गरजही उरली नाही.
येताना कप्तान बसच्या खिडकीला डोकं टेकून बसला. थकला असेल. निघताना डॉक्टर मला म्हणाली की काका, तुम्ही आज खूप मदत केलीत.

२७ मार्च.
निकाल. कप्तान कायमचा अपात्र. प्रवेश रद्द.
आणि खाली शेऱ्यात माझा उल्लेख. मामालाही हाच दोष, जन्मजात, आईकडून मुलाकडे येणारा.
दोष. मला.
संतापाने पेनाची निब वाकवली. अक्षर लागत नाही.

त्याच दिवशी, संध्याकाळ.
बहीण आली. चपला न काढता दारातच उभी राहिली. म्हणाली की दादा, तुला फक्त गप्प बसायचं होतं. आयुष्यात एकदा. एक तास.
मी म्हणालो की पोरगा चुकीचे आकडे सांगत होता. ती म्हणाली की तेच बरोबर होते. तेवढ्यात मागून कप्तान आला. म्हणाला की आई, मामाला बोलू नकोस, मला ते आकडे दिसतच नव्हते. मी नेटवरून ओळीने पाठ केले होते. कुठल्या पानावर काय म्हणायचं ते सगळं.
बहिणीला हे माहीत नव्हतं. ती तिथेच उंबऱ्यावर बसली. मग त्याला म्हणाली की आणि उद्या समोरून जहाज आलं असतं, तर त्याचे दिवे पण पाठ करून ठेवले असतेस का रे?
मग तिने मोर्चा माझ्याकडे वळवला. म्हणाली की तो लबाडी करत होता ते समजलं. तू रे? तू कसला एकवीस वाचत होतास?
मी म्हणालो की तिथे एकवीसच होते. कप्तान म्हणाला की हो, मलाही एकवीसच दिसतात मामा. तेच तर.

२९ मार्च.
मेडिकल बोर्डाला निषेधाचं पत्र लिहायला घेतलं. 'बहुसंख्य लोक ज्याला चौऱ्याहत्तर म्हणतात' इथपर्यंत आलो आणि अडलो.
संपादकाने परत दिलेली ती पानं कपाटातून काढली. उजेडात धरली. तेच काळपट डाग. बायकोला सहज विचारल्यासारखं विचारलं की यात तुला काय दिसतं. ती म्हणाली की अगबाई, पोराने कुंकू सांडावं तसं पान लाल झालंय, किती चुका काढल्यात हो यांनी.
बसलो.
मग तिने कपाटातून माझ्या मोज्यांचा खण काढून पुढ्यात ठेवला. आतल्या बाजूला प्रत्येक जोडीला दोऱ्याची गाठ. एक गाठ हिरव्यांना, दोन तपकिरींना. घड्या घालताना बघून जोडी लावते. मला वाटायचं कंपनीच तशी करते.
बहिणीला फोन करून विचारलं. आजोबांच्या, म्हणजे आईच्या वडिलांच्या, सदऱ्यांच्या आतही अशाच गाठी असायच्या. आम्ही लहानपणी मोजायचो. वाटायचं परटाची खूण. आजीने मारलेल्या असायच्या.
बायकोला कधीपासून माहीत होतं ते विचारलं. म्हणाली की लग्नानंतरच्या पहिल्या वर्षापासून. मग सांगितलं का नाहीस, मी खवळून विचारलं. ती म्हणाली की सांगितलं होतं की. तुम्ही मला हरित शब्दावर जेवण होईपर्यंत व्याख्यान दिलंत.
यावर रागवायला हवं होतं. जमलं नाही. हीच काय ती संकल्पाची प्रगती.

३१ मार्च, रविवार.
महिनाअखेर. पुस्तकाची पानं: अकरा. हिरव्याचं घराणं दोन खंडांत शोधून काढलं आणि खुद्द यजमानाशी तोंडओळख नाही. ब्रीदवाक्य खोडलं. दुपारी पुन्हा लिहिलं. पुन्हा खोडलं.
कप्तानाकडे गेलो. माफी मागायची असं ठरवलं होतं. वाक्यही तयार होतं. त्याने दार उघडल्यावर म्हणालो की चहा टाक.
चहा पिताना तोच बोलला. म्हणाला की लहानपणी चित्रकलेच्या बाई हसायच्या, म्हणून मी खडूवरच्या कागदाचं नाव वाचून रंग निवडायचो. कागद फाटला की तो खडू वापरायचोच नाही. वाटायचं, आपण एकटेच असे. त्या दिवशी तू मागून एकवीस म्हणालास ना मामा, राग तर खूपच आला. पण हायसंही वाटलं.
मी चहाकडे बघत राहिलो. चहाचा रंग कोणता म्हणतात ते त्याला विचारलं नाही. त्यालाही माहीत नसणार.

३ एप्रिल.
कप्तानाने जहाजबांधणीच्या कोर्सचा फॉर्म भरला. म्हणतो की आराखडे काळ्यावर पांढरे असतात, नाहीतर पांढऱ्यावर काळे. जहाज मी बांधतो, दिवे बघायला दुसरा कुणी ठेवतील. बहीण फोनवर नीट बोलली. मला दादा म्हणाली. आठवड्यात पहिल्यांदा.
संपादकाला सगळं सांगितलं. वाटलं चेष्टा करेल. त्याने निळं पेन मागवून घेतलं. म्हणाला की शास्त्रीबुवा, इथून पुढे तुमच्या चुका निळ्या. आणि ते पुस्तक आता पुरं कराच, एवढ्या निःपक्षपाती माणसाने हिरव्यावर आजवर लिहिलं नसेल.
त्याने निळ्यात त्या लेखावरच्या दुरुस्त्या उतरवून दिल्या. सतरा नव्हत्या. एकोणीस होत्या.
चार्जरवाल्याची माफी मागायची आहे. उद्या.

७ एप्रिल, रविवार.
नवा संकल्प: आपला दोष मोकळेपणाने मान्य करायचा आणि दुसऱ्याची मदत घ्यायची. एकट्याने बाजारात जायचं नाही.
त्याप्रमाणे आज कप्तानाला बरोबर घेतलं. पाचव्या भाजीवाल्याकडे गेलो, उरलेला तोच. एकेक टोमॅटो मी आधी उजेडात धरला, मग त्याच्या हातात दिला. तो म्हणायचा की हो मामा, हा पिकलेला. मग तो निवडायचा, मी खात्री करायचो. एकदाही मतभेद झाला नाही. पिशवीभर घेतले.
बायकोने पिशवी ओट्यावर ओतली. आमच्या दोघांकडे एकदा पाहिलं. मग खिडकीत जुना पेपर अंथरला, माझ्याच सदराचं पान होतं, आणि त्यावर एकेक टोमॅटो पिकायला मांडून ठेवला.
भाजीवाल्याला उद्या जाब विचारणार. दोघे मिळून.